चंगाई झाली नाही त्या घरातून

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोलला गेलेला शब्द म्हणजे चंगाई, प्रार्थनेनं आजार बरा होणं. सकाळी फोन आला की चंगाई, संध्याकाळी मंडळीतली माणसं भेटायला आली की चंगाई, आणि रात्री कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ उघडला की त्यात कुबड्या फेकून पळणारा माणूस आणि खाली लिहिलेलं, तुमचीही चंगाई होणार, आमेन टाईप करा. आई टाईप करायची. रोज. तिला मोबाईलवर मराठी नीट जमायचं नाही तरी एकेक अक्षर शोधून आमेन लिहायची आणि मग फोन पालथा ठेवून बाबांच्या डाव्या पायाकडे बघत बसायची.

आम्ही नगरकडचे. आता अहिल्यानगर नाव झालंय पण तोंडात नगरच येतं. माझ्या पणजोबांच्या पिढीपासून आमचं घर ख्रिस्ती, त्यामुळं चमत्कारांच्या गोष्टी ऐकतच मी मोठी झाले, संडे स्कूलमध्ये फ्लॅनलच्या फळ्यावर पाच भाकरी आणि दोन मासे चिकटवायचं काम माझ्याकडे असायचं. पण या गोष्टींचा अर्थ काय हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, तो पडला बाबांच्या आजारपणात आणि खरं सांगायचं तर एका सभेनंतर पडला.

ती सभा कुठली, कोणाची, हे मी लिहिणार नाही. मोठा मांडव होता, दुरून आलेले वक्ते होते, हजारो माणसं होती. बाबांना आम्ही खुर्चीत बसवून पुढं नेलं, आईनं तीन दिवस उपास धरला होता. त्या वक्त्यांनी बाबांच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्यानं प्रार्थना केली आणि उजवा हात धरून त्यांना उभं केलं. बाबा क्षणभर उभे राहिले आणि मग डाव्या बाजूला कलंडले, मी आणि मावसभावानं कसंबसं धरलं. लोक गप्प झाले. आणि माईकवरून वाक्य आलं की या घरात कोणाचा तरी अविश्वास आडवा येतोय.

परत येताना जीपमध्ये कोणी बोललं नाही. त्या रात्रीपासून आईनं स्वतःला तपासायला सुरुवात केली. कुठं खोटं बोलले, कोणाचं मन दुखवलं, लग्नाच्या आधी एकदा शेजारणीबरोबर कुठल्या देवळात गेले होते, सासूला एकदा उलटून बोलले होते. एका वहीत लिहायची. एवढी साधी माझी आई, पहाटे उठून अख्ख्या मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करणारी, ती पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टी उकरून नवऱ्याच्या पायाचा दोष स्वतःकडे घेत होती. मला त्या वहीचा आजही राग येतो. आईचा नाही, ती वही लिहायला लावणाऱ्या वाक्याचा.

मग मी शुभवर्तमानं, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी सांगितलेली येशूची चार चरित्रं, परत वाचायला घेतली, उपदेश ऐकल्यासारखी नाही, तर जसं आपण भांडण झालं की कागदपत्रं काढून बघतो तशी. खरंच असं लिहिलंय का?

तर योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य नेमकं हेच विचारतात. जन्मापासून आंधळा माणूस बसलाय आणि ते विचारतात गुरुजी, पाप कोणाचं, याचं का याच्या आईबापांचं? आणि येशू म्हणतो याचंही नाही आणि याच्या आईबापांचंही नाही. झालं. इतकं सरळ आहे ते. मी तेवढंच आईला वाचून दाखवलं, दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि ओळीवर बोट ठेवून स्वतः वाचलं. वहीचं पुढं काय झालं मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

आणि कफर्णहूम गावातल्या घराची गोष्ट. ही गोष्ट मला लहानपणापासून आवडायची कारण मला ते घर दिसायचं. आमचं गावाकडचं घर माळवदाचं होतं, म्हणजे तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याच्या आधी आजोबा वर चढून माती पसरायचे आणि धोपटायचे, आणि खाली चुलीजवळ बसलेली आजी ओरडायची की भाकरीत माती पडतेय. पॅलेस्टाईनातली साधी घरंही अशीच सपाट मातीच्या छपराची असायची. मार्क सांगतो चार माणसांनी एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणलं, गर्दीतून आत जाता येईना तर ते छपरावर चढले, छप्पर उकरलं आणि बाज खाली सोडली. खाली येशू बोलत असणार आणि वरून सगळ्यांच्या डोक्यावर माती, मला ते अगदी समोर दिसतं. आणि आता मार्कानं वापरलेले शब्द बघा, येशूनं *त्यांचा* विश्वास पाहिला. त्या चौघांचा. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल मार्क एक शब्दही वेगळा लिहीत नाही, तो बिचारा तोंडसुद्धा उघडत नाही अख्ख्या गोष्टीत.

दुसरं म्हणजे येशू त्याला पहिल्यांदा ऊठ म्हणतच नाही. पहिलं म्हणतो मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली. शास्त्री मनात कुरकुरतात की हा कोण क्षमा करणारा, तेव्हा तो म्हणतो मला तो अधिकार आहे हे तुम्हाला कळावं म्हणून, आणि मग त्या माणसाला म्हणतो ऊठ, बाज उचल, घरी जा. *कळावं म्हणून.* चालणं हे कळण्यासाठी आहे. आम्ही एवढी वर्षं चालण्याकडेच बघत होतो.

योहानानं तर यासाठी शब्दच वेगळा घेतलाय. आपण सगळे बोलताना चमत्कार म्हणतो, पण त्याच्या शुभवर्तमानात शब्द येतो तो चिन्ह. मूळ ग्रीकमध्ये सेमेइऑन, म्हणजे खूण. त्यानं निवडून सातच सांगितलीत असं साधारण धरतात, काना गावातल्या लग्नापासून मेलेल्या लाजराला उठवण्यापर्यंत. खूण म्हटली की ती कशाची तरी असते ना. पुण्याला जाताना सुप्याजवळ पाटी दिसली, पुणे इतके किलोमीटर, तर आपण पाटीखाली सतरंजी टाकून पुणं आलं म्हणून बसत नाही. आणि पाटी दिसली नाही म्हणून रस्ता चुकलाच असंही नसतं.

कानाचं लग्न घ्या. द्राक्षारस संपला, घरच्यांची लाज जायची वेळ आली. तिथं शुद्धीकरणाच्या पाण्याचे सहा दगडी रांजण होते, एकेकात साधारण ऐंशी ते एकशेवीस लिटर पाणी मावेल असे. येशू म्हणतो भरा, आणि ते काठोकाठ भरतात. मी दुष्काळी भागातली मुलगी, मला पहिल्यांदा हिशोबच सुचतो. पाचसहाशे लिटर पाणी, नळ नाही, मोटर नाही, चाकरांनी ते विहिरीवरून किंवा टाक्यावरून शेंदून आणि वाहून आणलं असणार, लग्नाच्या गर्दीत, कशासाठी ते न कळता. किती खेपा झाल्या असतील! आणि मग योहान एक बारीक गोष्ट सांगतो की भोजनकारभाऱ्याला कळलं नाही हा द्राक्षारस आला कुठून, पण ज्या चाकरांनी पाणी काढलं होतं त्यांना ठाऊक होतं. नवऱ्या मुलाला माहीत नाही, पाहुण्यांना माहीत नाही, माहीत कोणाला तर पाणी वाहणाऱ्यांना. स्टेज नाही, घोषणा नाही, जेवण झाल्यावर अर्धे लोक घरी गेले असतील आपण काय प्यायलो ते न कळताच.

मला वाटतं येशूच्या चमत्कारांचा स्वभावच असा आहे. कुष्ठरोग्याला बरं करतो आणि म्हणतो कोणाला सांगू नको. याईर नावाच्या माणसाची बारा वर्षांची मुलगी मेलेली असते, तिचा हात धरून म्हणतो तलीथा कूम, मुली ऊठ, ती उठून चालायला लागते, सगळे थक्क, आणि तो काय म्हणतो तर हे कोणाला कळू देऊ नका, आणि तिला काहीतरी खायला द्या. खायला द्या! मरणातून आणलेल्या पोरीला भूक लागली असेल हे त्यालाच सुचलं. मला त्या एका वाक्यात देव जास्त दिसतो, खरंच सांगते.

आणि जिथं लोक चमत्कार दाखव म्हणून मागे लागतात तिथं तो दाखवत नाही. अरण्यात सैतान म्हणतो धोंड्यांच्या भाकरी कर, करत नाही. परूशी नावाचे धर्मपुढारी आकाशातून चिन्ह मागतात, देत नाही. हेरोद राजाला केवढी हौस होती काहीतरी बघायची, त्याच्यापुढं तर तो तोंडही उघडत नाही. वधस्तंभाखाली उभे राहून लोक म्हणतात उतर म्हणजे विश्वास ठेवू, उतरत नाही.

पाच भाकरींची गोष्ट तर चारही शुभवर्तमानांत आहे, पुनरुत्थान सोडलं तर चौघांनीही सांगितलेला हा एकच चमत्कार. योहान सांगतो भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाच्या, एका पोराजवळच्या. पाच हजार पुरुष जेवले, बारा टोपल्या उरल्या. मग लोक त्याला धरून राजा करायला निघाले तर तो एकटाच डोंगरावर निघून गेला. दुसऱ्या दिवशी ते त्याला शोधत तळ्यापलीकडे आले तेव्हा तो म्हणतो तुम्ही चिन्हं पाहिलीत म्हणून नाही आलात, पोटभर भाकरी मिळाली म्हणून आलात. हे वाक्य मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला लागलं, कारण ते लोक काही वाईट नव्हते. भुकेले होते. आम्हीही वाईट नव्हतो, आम्हाला आमचे बाबा चालायला हवे होते. आणि येशू भाकरीला तुच्छ म्हणत नाही, त्यानंच तर वाढली. पण तो म्हणतोय की ती भाकरी खाऊन उद्या परत भूक लागेल, मी स्वतः जीवनाची भाकर आहे, माझ्याकडे बघा. त्या बोलण्यानंतर त्याच्या मागून येणारे पुष्कळ जण परत गेले.

मी चमत्कार मानते, हे इथं स्पष्ट लिहिते. झटका आला त्या रात्री डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले होते की सकाळ दिसेल असं वाटत नाही, नातेवाईकांना बोलवा. सकाळ दिसली, आणि त्यानंतर आणखी तीन वर्षं आणि काही महिने दिसले. लाजराला येशूनं कबरेतून बाहेर बोलावलं पण तो पुढं कधीतरी परत मेलाच असणार ना, ज्यांना ज्यांना बरं केलं ते सगळेच पुढं कधीतरी मेले. त्यांच्या बरं होण्यानं मरण कायमचं गेलं नाही, ते गेलं येशू स्वतः कबरेतून उठला त्या तिसऱ्या दिवशी. म्हणून ती सगळी चिन्हं तिकडे बोट दाखवतात असं मी समजते. आणि उठलेल्या ख्रिस्ताच्या हातात खिळ्यांचे व्रण होते, थोमा नावाच्या शिष्याला दाखवले त्यानं. मरणाला हरवून आलेल्या शरीरावर जखमेच्या खुणा तशाच ठेवलेल्या, आजारी माणसाच्या घरात हे वाचलं की वेगळंच वाचलं जातं.

आमच्या मंडळीत संत मानायची पद्धत नाही, पण गोव्याच्या जोसेफ वाझ यांच्याबद्दल मी वाचलं तेव्हापासून ते माझ्या मनात बसलेत. 1651 साली बाणावलीत जन्म. डच लोकांनी श्रीलंकेत कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती, तिथल्या ख्रिस्ती लोकांना कोणी उरलं नव्हतं, म्हणून हा कोकणी माणूस गरिबाच्या वेशात तिकडे गेला. कँडीच्या राज्यात आधी हेर समजून कैदेत टाकलं. मग असं सांगतात की 1696 साली तिथं दुष्काळ पडला, राजानं यांनाही प्रार्थना करायला सांगितलं, यांनी उघड्यावर वेदी मांडून क्रूस ठेवला आणि प्रार्थना केली आणि पाऊस आला. चमत्कार म्हणून हीच गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण मी थांबते ती पुढच्या वर्षाच्या गोष्टीपाशी. 1697 ला कँडीत देवी आल्या, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, आणि हे पाद्री सोबतीला एक जण घेऊन तिथंच राहिले, ओसाड पडलेल्या घरांत रुग्णांची सोय केली, त्यांना धुतलं, भरवलं, मेलेल्यांना पुरलं. धर्म कुठला ते विचारलं नाही. पाऊस एकदा आला आणि गेला. देवीच्या फोडांनी भरलेल्या परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, उद्या परत लावायचा, परवा परत. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं तेव्हा नेहमी लागणारा दुसरा चमत्कार न मागता केलं. मला ते फार योग्य वाटलं.

फ्रान्सच्या लूर्दचं पण असंच. 1858 साली बर्नादेत नावाच्या गरीब मुलीला तिथं मरियेचं दर्शन झालं, झरा लागला, बरं झाल्याचे हजारो दावे झाले आणि चर्चनं तपासून तपासून चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास. पण स्वतः बर्नादेत आयुष्यभर आजारी राहिली आणि पस्तिसाव्या वर्षी गेली.

आणि आपल्या पंडिता रमाबाई. केडगावला मुक्ती मिशनमध्ये 1905 साली केवढं संजीवन, म्हणजे विश्वासाची जागृती, झालं, आजही संजीवनाच्या सभांमध्ये त्याचा दाखला देतात. त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये त्यांच्या आधी गेली, जिच्या हातात सगळं सोपवायचं ती. त्या घरात प्रार्थना कमी पडली असं कोण म्हणेल? सबंध भारतात त्या घराइतकी प्रार्थना कुठं होत असेल? रमाबाई मूळ भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, मुलगी गेल्यावरही करत राहिल्या आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. प्रेषित पौलानंही अंगातला काटा काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं होतं आणि उत्तर मिळालं, माझी कृपा तुला पुरे आहे. आणि वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तर पुत्रानं, येशूनं, बापाकडे मागितलं, हा प्याला टळू दे.

हे सगळं मी बाबांशी बोलायचे. त्यांचं बोलणं जड झालं होतं पण समजत सगळं होतं. एकदा संध्याकाळी मी त्यांना बेथेस्दाच्या तळ्याची गोष्ट वाचून दाखवत होते, पाच पडव्या, आजाऱ्यांची गर्दी, त्यात अडतीस वर्षं पडून राहिलेला एक माणूस. येशू त्याला विचारतो बरं व्हायची इच्छा आहे का, आणि तो हो म्हणतच नाही, म्हणतो महाराज, मला तळ्यात सोडायला माझा कोणी माणूस नाही. मी तिथं थांबले, मला पुढं वाचवेना. बाबांनी उजवा हात वर केला आणि चार बोटं दाखवली. मला आधी कळलंच नाही. मग म्हणाले, मला चार.

ते चार म्हणजे, दर रविवारी बाबांना खुर्चीसकट उचलून उपासनेला नेणारे. एक माझा मावसभाऊ, एक पाळकसाहेबांचा मुलगा, एक दूध घालायला येणारा पोरगा जो खरंतर रविवारी सकाळी घाईत असायचा, आणि चौथे शेजारचे टेम्पोवाले चाचा, जे मुसलमान होते आणि उपासना होईपर्यंत बाहेर टेम्पोत बसून थांबायचे. आमच्या दारातून तीन पायऱ्या, मग बोळ, मग टेम्पो, मग चर्चच्या सात पायऱ्या. पहिल्यांदा नेलं तेव्हा बाबांचा डावा हात खुर्चीच्या बाहेर लोंबत राहिला, चौकटीला घासला आणि मनगटापाशी कातडी सोलून निघाली, बाबांना काही कळलंच नाही, वर पोचल्यावर शर्टावर रक्त दिसलं तेव्हा आम्हाला कळलं. त्या दिवशी चाचांना इतकं वाईट वाटलं की ते रडले. तेव्हापासून उचलायच्या आधी ते मोठ्यानं म्हणायचे, डावा हात सांभाळा. मग कोणीतरी तो हात उचलून बाबांच्या मांडीवर ठेवायचं आणि मग खुर्ची उठायची. तीन वर्षं. पावसाळ्यातसुद्धा. मी हिशोब केला तर दीडशेच्या वर रविवार होतात.

बाबा ऑगस्टमध्ये गेले, झोपेतच. पेटी आणली, उपासना घरीच झाली, शेवटचं गीत म्हणून झालं आणि पेटी बंद केली. मंडळीतली बरीच माणसं पुढं झाली होती पण पाळकसाहेब काही न बोलता बाजूला झाले आणि ते चौघे आपापल्या बाजूला जाऊन उभे राहिले, खुर्चीला उभे राहायचे तसेच. वाकले. आणि चाचा सवयीनं मोठ्यानं म्हणाले, डावा हात सांभाळा.